आणि पोरं?

माझ्या मावशीचा पाच ओळखायला साहेबांनी बाहेरून माणूस बोलावला. अक्षरतज्ज्ञ म्हणे. कोट घालून आला, भिंग काढलं, तासभर बसला आणि शेवटी म्हणाला, "हे सगळे पाच एकाच हातचे आहेत." अहो, मला विचारायचं ना! आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगंपण सांगेल. मावशीच्या पाचाची शेपूट इतकी लांब असते की खालच्या ओळीत जाऊन बसते. चौथीत असताना बाई तिला म्हणाल्या होत्या, तुझा पाच छान येतो गं. चौथीनंतर शाळा सुटली, पण पाचाची शेपूट ती वाढवतच गेली.

तिची प्रत्येक दुरुस्ती तशीच. चुकलेला आकडा एका रेघेत खोडायचा, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात "मा." काढायचं. तो भिंगवाला विचारतो, "हे मा. म्हणजे माननीय कोण?"

मावशी म्हणाली, "मावशी."

तो हसलापण नाही. त्याचा चहा, बिस्किटं, येण्याजाण्याचा खर्च, सगळं अनुदानातून गेलं. कुठलं अनुदान ते सांगते. तेच सांगायला बसलेय.

मावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. पण शाळेतली सगळी पोरं, त्यांच्या आया आणि मोठ्या बाईसुद्धा, म्हणजे मुख्याध्यापिका, तिला मावशीच म्हणतात. बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात आहे ती. आधी पातेली घासली, मग भाजी चिरली, मग वाढायला लागली. दहा वर्षांपासून वाढायची खिडकी तिच्या ताब्यात आहे. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला असतो आणि आवाज असा की मधल्या सुट्टीची घंटा नाही वाजली तरी चालेल. उभी राहून पाय दुखले की पाव येतात त्या क्रेटवर बसते, क्रेट उलटा करून. खुर्ची दिली होती एकदा. म्हणाली, "खुर्चीवर बसलं की माणूस लोकांकडे बघायचं सोडतो."

मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरात येईल तो मला भाषण देऊन जायचा. ही एकच म्हणाली, "बरं, सोडलीस. उद्या सकाळी काय करणार ते सांग. नुसतं बसायचं नाही." दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेलं. तिथे मी चार वर्षं आहे. दुकानवाले काका मला भिंगरी म्हणतात, कारण एका जागी उभी राहत नाही मी. यंत्र गरम होईपर्यंत तीनदा रस्ता ओलांडून मावशीच्या खिडकीशी जाऊन येते.

त्या खिडकीतच जेवणाचे अर्जही यायचे. खरं ते काम कारकुनाचं, पण त्याच्या टेबलाशी गेलं की तो वर न बघताच "उद्या या" म्हणायचा. म्हणून आया खिडकीशी यायच्या. अर्जात दोनच गोष्टी महत्त्वाच्या. घरात येतं किती, आणि घरात माणसं किती. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. माणशी कमी आलं तर पोराला जेवण फुकट, जास्त आलं तर नाही.

आणि तिथेच सगळी मेख आहे. अर्जावर छापलंय, "घरातील माणसे." आता आपल्यात कुणालाही विचारा, घरात माणसं किती? तो म्हणणार, आम्ही माणसं दोन आणि पोरं तीन. पोरं ही पोरं असतात, माणसं ही माणसं. त्यात खोटं काही नाही, आपण बोलतोच तसं. मग बाई त्या चौकटीत "२" लिहून मोकळी होते. भागाकार पाचाऐवजी दोनाने होतो आणि गरीब घर एका ओळीत श्रीमंत होऊन बसतं.

मावशी प्रत्येक अर्ज चष्मा लावून वाचायची.

"काय गं, माणसं किती?"

"दोन लिहिलंय की."

"आणि पोरं?"

"पोरं तीन."

"मग ती काय माणसं नाहीत? गवत खातात?"

"अगं बाई, ती पण धरायची का?"

"जेवतात ना? मग धरायची." की काढला पेन, मारली रेघ, शेपटीचा पाच, वर "मा." आणि त्या बाईला वाचून दाखवायचं. दहा वर्षं असंच चाललं. कुणाचं काही बिघडलं नाही.

मग अनुदान आलं.

जेवणाच्या योजनेतल्या कारकुनी चुका कमी करायला सरकारने पैसे दिले. वाईट नाही हं. मी पेपरात वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, म्हटलं आता कारकून वर बघेल. पण पैशाबरोबर एक साहेब आले. त्यांचं नाव आम्ही दशांश ठेवलं, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्यात एक टिंब असायचंच. "चुकांचं प्रमाण बारा दशांश चार टक्के आहे. ते तीन दशांश शून्यवर आणायचंय. तरच दुसरा हप्ता मिळेल."

चुका म्हणजे काय, हे मात्र त्यांनीच ठरवलं. रिकामी चौकट म्हणजे चूक. खाडाखोड म्हणजे चूक. खरं काय आणि खोटं काय, त्यासाठी रकानाच नव्हता.

अनुदानातून खिडकीशी एक यंत्र बसवलं. पोराने कार्ड लावायचं, हिरवा दिवा लागला तर वाढायचं, लाल लागला तर नाही. मग प्रशिक्षण झालं. गळ्यात प्लास्टिकच्या पट्ट्या, हातात पुस्तिका. पुस्तिकेचं नाव "चुका टाळू या". पुस्तिका आमच्याच दुकानात निघाली, दोनशे प्रती. त्यांच्या ऑफिसातून टाईप करून कागद आले, मी यंत्रात घातले, पिना मारल्या, गठ्ठे बांधले. दोनशे वेळा प्रत्येक पान माझ्या हाताखालून गेलं. एकदाही वाचलं नाही. हे लिहिताना आत्तापण स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

प्रशिक्षणात मावशीला मागच्या रांगेत बसवलं. ती उठून म्हणाली, "साहेब, एक विचारू? त्या माणसं किती याच्यापुढे कंसात पोरं धरून असं लिहिता येईल का?"

दशांश म्हणाले, "मावशी, नमुना वरून मंजूर झालाय. तुम्ही वाढण्याचं बघा."

ती बसली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "माझ्या हातात एकच डाव गं, भाताचा. साहेबांचा डाव कुठला ते कळेना."

पुढच्या महिन्यात कळला. जुने अर्ज तपासले गेले. खाडाखोडीचे एक्केचाळीस निघाले, सगळे एकाच पेनाचे, सगळीकडे "मा." तेव्हा आला तो भिंगवाला. निकाल काय? "योजनेतील कर्मचाऱ्याने ठरवून केलेला फेरफार." उपाय काय? दुरुस्तीआधीचा आकडा पुन्हा ग्राह्य धरायचा. म्हणजे एक्केचाळीस घरांत परत दोन-दोन माणसं. त्यातल्या काही अर्जांवर तर खालच्याच ओळीत "या शाळेतील मुले: ३" लिहिलेलं. दोन माणसांच्या घरात तीन पोरं कुठून आली, हे ना यंत्राला सुचलं ना साहेबांना.

एका फटक्यात चौऱ्याहत्तर पोरांचा दिवा लाल झाला.

त्या सोमवारी मी तिथेच होते, पावाच्या क्रेटला टेकून. पहिली आली ती दुसरीतली चष्मेवाली, जिचा पुढचा दात नाही. तिचं ताट आधीच भरलेलं होतं, भात, डाळ, अर्धं अंडं. तिने कार्ड लावलं. यंत्र ओरडलं, लाल दिवा लागला. तिला वाटलं कार्ड उलटं लागलं, तिने सुलटं लावलं. परत लाल. मग फ्रॉकला पुसून लावलं.

नियम असा की भरलेलं ताट लाल निघालं तर ते परत घेऊन बादलीत ओतायचं. कारण वाढलेलं अन्न परत पातेल्यात घालता येत नाही आणि यादीबाहेर देता येत नाही. हे पुस्तिकेत आहे, पान अकरा. बादलीला चालेल, पोरीला नाही! हे ज्याने लिहिलं त्याच्या घरी जेवायला कोण वाढतं, मला बघायचंय.

कारकून नेमका त्या दिवशी वर बघत होता. म्हणाला, "मावशी, ताट घ्या."

"कुठलं?"

"लाल आहे ना ते."

मावशीने ताटात बघितलं. "मला पांढरं दिसतंय. भात आहे." मग पोरीला म्हणाली, "जा गं बाळा, अंडं गार होतंय."

"मावशी, नोंद होते यात!"

"होऊ दे की. माझीपण कुठेतरी नोंद होऊ दे. बावीस वर्षांत झाली नाही."

आठवडाभर ती तशीच वाढत राहिली. यंत्र ओरडायचं, ही त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडायची, "पुढचा!" शनिवारी नोटीस हातात पडली. फेरफार आणि लाल दिव्यावर वाढणे, असे दोन आरोप. येत्या शुक्रवारी चौकशी. तोवर खिडकीशी यायचं नाही. चौकशीत दोषी ठरली तर कामावरून कायमची कमी.

खिडकीशी त्यांनी दुसरी बाई उभी केली. ती बिचारी नवीन, घाबरलेली. मंगळवारी तिने पहिलं ताट ओतलं आणि स्वतःच मागे जाऊन रडली. बुधवारपासून लाल दिव्याची पोरं रांगेतच येईनाशी झाली. व्हरांड्यात नळाशी उभी राहायची, पाणी पीत. मी दुकानातून बघत होते. पाण्याने पोट भरत नाही, हे सातवीच्या विज्ञानात आहे, तेवढं मी शिकलेय.

संध्याकाळी मावशीच्या खोलीवर गेले तर ती माझ्याच शर्टाची बटणं लावत बसलेली.

"तू शिवत काय बसलीयेस? तुला कामावरून काढतायत!"

"बटण तुटलंय ना पण."

"मी त्या दशांशाच्या गाडीची काच फोडणार आहे."

"फोड. मग तुला सोडवायला कोण येईल? मी तर चौकशीत असणार." तिने दाताने दोरा तोडला. "भिंगरे, मला एवढंच वाटतं, शुक्रवारी त्यांनी मला विचारलं की तुला कसं कळलं लोकांना काय म्हणायचं होतं, तर मी काय दाखवू? मी विचारलं, त्यांनी सांगितलं. याचा कागद कुठे असतो?"

कागद! त्या शब्दाने मी जी उठले ती थेट दुकानात. काका कुलूप लावत होते. म्हटलं, दहा मिनिटं थांबा. आमच्याकडे खराब निघालेल्या प्रती एका खोक्यात पडतात, मागच्या कोऱ्या बाजूवर काका हिशोब करतात. मी ते खोकं फरशीवर उलटं केलं. मला खरं तर ते पान अकरा हवं होतं, साहेबांच्या तोंडावर मारायला. पण आधी हाताला लागलं पान सात.

पान सात म्हणजे "अचूक भरलेल्या अर्जाचा नमुना". कुठलंसं बनावट घर, सगळ्या चौकटी टाईपात सुरेख भरलेल्या, कोपऱ्यात बरोबरची खूण. घरातील माणसे: २. या शाळेतील मुले: ३.

मी दोनदा वाचलं. मग इतकी हसले की काका घाबरले. मग हसू थांबलं आणि डोकं असं तापलं की काय सांगू. चुका टाळायला दिलेल्या पैशातून, चुका टाळायच्या पुस्तिकेत, अचूक म्हणून छापलेल्या अर्जात, तीच चूक! आणि पिना मी मारलेल्या. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी.

शुक्रवारी मला कुणी बोलावलं नव्हतं. झेरॉक्सचा गठ्ठा हातात धरला की कुठल्याही ऑफिसात कुणी अडवत नाही, तशी शिरले. टेबलापलीकडे दशांश, त्यांच्या बाजूला मोठ्या बाई, टोकाला कारकून. अलीकडे मावशी. तिला खुर्ची दिली होती आणि ती तिच्या कडेवर बसली होती.

दशांश विचारत होते, "म्हणजे अर्जदाराने दोन लिहिलं असताना तुम्ही पाच केलं. मान्य?"

"मान्य."

"कशाच्या आधारावर?"

"विचारून."

"लेखी आधार?"

मी पान सात टेबलावर ठेवलं. आपटलं म्हणा. "हा घ्या लेखी आधार. तुमचाच आहे."

"ही कोण?"

"माझी भाची," मावशी म्हणाली. "बस गं."

बसते कुठली! मी बोट ठेवून वाचून दाखवलं. कारकुनाने नेहमीसारखी मान खाली घातली. दशांशांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, अगदी त्या चष्मेवालीने कार्ड लावलं तसं. मग म्हणाले, "ही छपाईची चूक दिसते. छपाई कुठे झाली?"

"आमच्या दुकानात! पण टाईप तुमच्या ऑफिसात झाला, मूळ कागद अजून काकांकडे आहेत. आणा म्हणता?"

त्यांनी आणा म्हटलं नाही. मोठ्या बाई पान हातात घेऊन बघत राहिल्या. बावीस वर्षांत त्यांनी मावशीची बाजू कधी घेतली नव्हती, आणि तेव्हाही घेतली असं मी म्हणणार नाही. पण हळूच म्हणाल्या, "मीसुद्धा दोनच लिहिलं असतं, साहेब. आमच्या घरी कुणी विचारलं तर मी म्हणते, आम्ही दोघं, आणि दोन मुलगे."

मला वाटलं जिंकलो. कसलं काय! दशांशांनी घड्याळ बघितलं आणि एकदम मऊ आवाजात बोलायला लागले. पाच वाजता अहवाल वर जायचा होता. चौकशी चालू असेल तर दुसरा हप्ता अडकणार. "हे बघा मावशी. चौकशी चालू राहिली तर एक्केचाळीस अर्ज सीलबंद राहतील. तीन महिने, कदाचित जास्त. पण तुम्ही आत्ता माफीनामा दिलात तर प्रकरण बंद. अर्जात सुधारणा करू, मुलांची नावं सोमवारपर्यंत परत यादीत. तुम्हीही राहाल कामावर. फक्त अर्जांना हात लावायचा नाही." आणि फाइलमधून टाईप केलेला कागद काढला. तयारच होता!

मी ओरडले, "सही करू नकोस! चूक त्यांची, माफी तुझी? चोर सोडून संन्याशाला फाशी?"

मावशीने माझ्याकडे बघितलंच नाही. साहेबांना विचारलं, "सोमवारी म्हणजे जेवणाच्या आधी की नंतर?"

"आधी."

"सगळे? चौऱ्याहत्तर?"

"सगळे."

"इथेच लिहून द्या तेवढं. तुम्हीच म्हणता ना, लेखी पाहिजे."

त्यांनी लिहून दिलं. सही, शिक्का. मग मावशीने गळ्यातला चष्मा चढवला आणि माफीनामा वाचायला घेतला, एक एक शब्द, खिडकीत वाचायची तसा. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, रागाचं. बावीस वर्षं पोरांसाठी राबली आणि शेवटी माफी मागतेय, आणि मी काही करू शकत नाही, काचसुद्धा फोडू शकत नाही.

मग तिने पेन काढला. सहीची जागा खाली होती आणि पेन गेला वर, दुसऱ्या ओळीत. तिथे होतं, "माझ्या चुकीमुळे". तिने "माझ्या" एका रेघेत खोडलं. शेजारी लिहिलं "अर्जाच्या". डोक्यावर बारीक "मा." मग खाली जाऊन शांतपणे पूर्ण सही केली आणि कागद सरकवला.

"मावशी, अहो खाडाखोड चालत नाही!"

"मग नवा आणा. तोपण वाचूनच सही करीन." घड्याळाकडे बोट केलं. "पाचाला पंधरा मिनिटं आहेत."

तो कागद तसाच गेला फाइलला. आजही आहे. सरकारदप्तरी लिहून ठेवलंय की अर्जाच्या चुकीमुळे झालं, आणि ते लिहिलंय माझ्या मावशीच्या अक्षरात. भिंगवाल्याला बोलवा आणि तपासा.

सोमवारी चौऱ्याहत्तर दिवे हिरवे लागले. चष्मेवालीने ताट घेतल्यावरपण कार्ड आणखी दोनदा लावून बघितलं. विश्वास बसेना तिचा, आणि तो पुन्हा कधी बसेल ते कुठल्या अनुदानातून येणार माहीत नाही. पुढे अहवालाच्या प्रती काढायला आमच्याकडेच आल्या. चुकांचं प्रमाण दोन दशांश नऊ. कारण: यंत्रणा व प्रशिक्षण. या वेळी मी प्रत्येक पान वाचलं. मावशीचं नाव फक्त एका ठिकाणी होतं, समज दिलेल्या कर्मचाऱ्यांत. यंत्राचं झाकण मी इतक्या जोरात आपटलं की काका म्हणाले, तुझ्या पगारातून कापीन.

नव्या अर्जावर आता छापलंय, "घरातील एकूण व्यक्ती (मुलांसह)". मावशीला पेन लावायची मनाई आहे. तिने लावलेला नाही. गेल्या आठवड्यात एक बाई खिडकीशी अर्ज घेऊन आली, चारचा आकडा सुरेख काढलेला. मावशी डाव हातात धरून आतूनच म्हणाली, "चार कोण कोण?"

"आम्ही दोघं आणि दोन पोरं. मुलांसह लिहिलंय ना, म्हणून धरली."

"आणि सासू?"

"सासू अंथरुणाला खिळलीय हो दोन वर्षं. चमचाभर पेज घेते फक्त. तिला कशाला धरायची?"

"चमचाभर घेते ना? मग ती कोण, भिंत?"

बाई ओशाळली. पेन काढून चारावर रेघ मारायला लागली. मी पलीकडून ओरडले, "थांबा, खाडाखोड नको!" आणि रस्ता ओलांडून पळत गेले. काकांना न विचारता शंभर कोरे अर्ज काढून ठेवलेत मी, मावशीच्या त्या उलट्या क्रेटखाली. वरचा एक उचलून तिच्या हातात दिला.

"हा घ्या नवा. पहिल्यापासून लिहा. आणि कुणाला सोडू नका."